चिंचबंध

कारखान्याच्या मागच्या आवारात कुंपणाच्या भिंतीला टेकवून ठेवलेली ती तुळई शैलजा जाक्कर गेली अकरा वर्षं पाहत होती. बांबूच्या कांबी एकावर एक चिकटवून, दाबयंत्रात दाबून केलेली, बारा फूट लांब. चिंचबंध नावाच्या डिंकाने जोडलेली ती पहिली तुळई. ऊनपाऊस खात ती किती टिकते हे पाहायचं म्हणून मुद्दाम उघड्यावर ठेवलेली. दर ऑक्टोबरात शैलजा तिची पाहणी करायची आणि वहीत एकच शब्द लिहायची : 'ठीक.'

२०४३ सालच्या ऑक्टोबरात तिने नेहमीसारखी लाकडी हातोडी तुळईवर ठोकली. आवाज बद्द आला. हातभर पुढे सरकून तिने पुन्हा ठोकलं. तिथेही तसाच. मग तिने वरच्या कांबीच्या कडेत नख घातलं, तर कांब अलगद उचलली गेली. तिच्याखालची दुसरी, मग तिसरी. जाड पुस्तकाची पानं उलटावीत तशा त्या सुटत गेल्या. जिथे डिंकाचा टणक तपकिरी थर असायला हवा होता, तिथे बुळबुळीत सायीसारखं काहीतरी होतं. त्याला किंचित आंबूस वास होता.

तो वास तिच्या ओळखीचा होता. कारखान्यातल्या टाक्या धुतलेलं पाणी, म्हणजे धुवण, ज्या तलावांत साठवत त्यांना तोच वास यायचा.

शैलजा त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेची प्रमुख. वय सत्तेचाळीस. कारखाना माळावर, आणि माळाच्या पायथ्याशी खाडीकाठी तिचं गाव, भाटीवाडी. तिच्या लहानपणी कारखान्यात पांढरा डिंक व्हायचा. पाण्यातला डिंक म्हणून लोकांना तो निरुपद्रवी वाटे. खरं तर त्या पाण्यात प्लास्टिकचे डोळ्यांना न दिसणारे थेंब तरंगत असत. पाणी उडून गेलं की ते एकमेकांत मिसळत आणि त्यांचा चिवट पापुद्रा होई. पिंपात बुरशी धरू नये म्हणून त्यात जंतुनाशक घालावं लागे. टाक्या धुतल्या की हे सगळं खाडीत जाई. खाडीच्या चिखलावर पांढरी कातडी धरली, तिसऱ्या, कालवं या शिंपल्यांची पिल्लं धरेनाशी झाली, आणि शैलजाचे वडील गणपत जाक्कर जाळं गुंडाळून त्याच कारखान्यात टाक्या धुवायला लागले. दिवसभर टाक्या धुवायच्या आणि संध्याकाळी त्याच धुवणाने पांढऱ्या झालेल्या खाडीकडे पाहत बसायचं, अशी त्यांची शेवटची दहा वर्षं गेली.

शैलजा रसायनशास्त्र शिकून परत आली ती हे बदलायचं ठरवूनच.

तिने चिंचोके घेतले. चिंचोक्याच्या पिठाची खळ लोक पूर्वीपासून वापरत आले होते; ती चिकटते छान, पण ओल लागली की सुटते. शैलजाने त्या पिठातल्या साखरेच्या लांबलांब साखळ्यांना सोयाबीनच्या प्रथिनाने ठिकठिकाणी गाठी मारल्या. दाबयंत्रातल्या उष्णतेने त्या गाठी आवळल्या जात आणि मग पाण्याला आत शिरायला वाटच उरत नसे. जंतुनाशकाची गरज नव्हती. लोणच्यासारखा थोडा आंबट ठेवला की डिंक पिंपात तीन आठवडे टिकायचा. त्याच्या धुवणासाठी तिने खाडीकाठच्या चिखलातून एक जिवाणू शोधून काढला. प्रयोगशाळेच्या वहीत त्याचं नाव भाटी-४. उघड्या पाण्यात सोडला की तो चिंचबंधाच्या साखळ्या तोडून खायचा आणि सहा दिवसांत दुधाळ धुवण नितळ व्हायचं. तळाशी काळा गाळ उरायचा. तो वाळवला की उत्तम खत.

सात वर्षांत खाडीचा रंग बदलला. पुण्यात टेम्पो चालवणारा तिचा धाकटा भाऊ रघुवीर एका गणपतीत घरी आला, ओहोटीला चिखलात उतरला, ओंजळभर तिसऱ्या घेऊन वर आला आणि पुण्याला परत गेलाच नाही. बघता बघता भाटीवाडीतली बावीस घरं पुन्हा खाडीवर जगू लागली. तिकडे चिंचबंधाच्या तुळयांना सरकारी मान्यता मिळाली. राज्यभर चारशे अकरा शाळा बांबूच्या तुळयांवर उभ्या राहिल्या.

त्या प्रत्येक शाळेला परसबागेसाठी कारखान्याकडून खताची पोती फुकट जात. ही कल्पनाही शैलजाचीच.

तुळईतली साय तिने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. नऊ दिवस ती प्रयोगशाळेतून फक्त जेवायला आणि झोपायला घरी गेली. साय म्हणजे भाटी-४च होता, पण तो बदलला होता. पूर्वी त्याला जगायला उघडं पाणी लागायचं. आता तो स्वतःभोवती चिकट आवरण विणत होता आणि त्या आवरणात हवेतली ओल धरून ठेवत होता. भिंतीच्या दमटपणावर तो जगू शकत होता. गाठी वाटेत आल्या तर त्यांना वळसा घालून साखळ्या तोडत होता. आणि तो तुळईपर्यंत कसा पोचला हे शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. भिंतीच्या पलीकडे, तुळईच्या बरोबर मागे, त्याच धुवणाच्या गाळाच्या खताची पोती रचलेली होती.

खाडीत जे कुजतं ते भिंतीतही कुजू शकतं, इतकी साधी गोष्ट होती. अकरा वर्षं ती तिच्या मनातच आली नव्हती.

दहाव्या दिवशी, बुधवारी सकाळी, ती हातोडी घेऊन भाटीवाडीच्या शाळेत गेली. मुख्याध्यापिका नसीमा परकार व्हरांड्यात हजेऱ्या तपासत होत्या.

"शैलजाताई, आज इकडे कशा?"

"परकार बाई, तुळया बघायच्यात. शिडी आहे?"

पहिल्या दोन वर्गांतल्या तुळया खणखणीत वाजल्या. तिसरा, चौथीच्या मुलांचा वर्ग परसबागेच्या बाजूला होता. भिंतीला लागून पालकाचे वाफे होते, आणि त्यांच्यात तेच काळं खत. शैलजाने हातोडी ठोकली. चौथीची मुलं माना वर करून पाहत होती.

ती शिडीवरून खाली उतरली. "बाई, मुलांना बाहेर काढा."

"गणिताचा तास संपतोच आहे. दहा मिनिटं..."

"आत्ता. सगळ्या वर्गांतली."

नसीमाबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांनी स्वतः जाऊन घंटा वाजवली. एकशे बारा मुलं मैदानात येऊन उभी राहिली. दुपारी सुतारांनी टेकू लावून ती तुळई उतरवली. जमिनीवर ठेवताना ती मधोमध उसवली आणि कांबी विखुरल्या. नसीमाबाईंनी वाकून त्यातली एक उचलली.

"माझी नात चौथीत आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

कारखान्याचे मालक सुहास देवस्थळी सत्तरीचे होते. पांढऱ्या डिंकाचा चालता धंदा बंद करून त्यांनी शैलजाच्या शब्दावर चिंचबंध काढला होता. त्यांनी तिचा अहवाल दोनदा वाचला, चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"एक आपली तुळई आणि एक शाळेची. दोन नमुने."

"दोन्हीकडे तोच जिवाणू आहे, साहेब."

"मान्य. पण शैलजाबाई, हा कागद मंत्रालयात गेला की ते तुळयांपुरतं थांबणार नाहीत. खोकी, पुस्तकं, प्लायवूड, सगळीकडून चिंचबंध बंद होईल. लोकांना डिंक तर लागणारच. मग मला जुनं युनिट सुरू करावं लागेल. मी नाही केलं तर दुसरा करेल." ते थोडं थांबले. "धुवण कुठे जाईल ते तुम्हाला मी सांगायला नको. आठ दिवस द्या. पुण्याच्या प्रयोगशाळेकडून खात्री करून घेऊ."

"आठ दिवस नाही देता येणार."

"मग एक द्या. नमुना आज गाडीने पाठवतो, उद्या संध्याकाळी निकाल येईल. चुकून जरी आपलं चुकलं असेल, तर केवढं नुकसान होईल!"

तिने होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही.

संध्याकाळी घरी आली तर ओट्यावर रघुवीर बसला होता. शाळेची बातमी गावभर झाली होती. त्याने पिशवीतून आणलेल्या तिसऱ्या आत नेऊन ठेवल्या आणि बाहेर येऊन उभाच राहिला.

"ताय, आपल्या शाळेचं तू केलंस ते बरं केलंस. पोरं वाचली. पण ते अहवालाचं काय ऐकतोय मी?"

"अजून चारशे दहा शाळा आहेत, रघू."

"त्यांना गुपचूप सांग ना! फोन कर. टेकू लावा म्हणावं. सगळ्या दुनियेला कशाला ओरडून सांगायचं?"

"चारशे शाळांना गुपचूप कसं सांगतात?"

मग त्याचा आवाज चढला. "बाबांचं काय झालं ते तू बघितलंस. मी पण बघितलं. माझी सुलभा आज दहा बायकांना घेऊन कालवं काढायला जाते. पोराला मी पागाचं जाळं टाकायला शिकवतोय. पुन्हा ती पांढरी खाडी आली तर मी त्याला काय सांगू? तुझ्या आत्यानेच आणली?"

"रघू..."

"मी नको करू म्हणत नाही गो. एक दिवस थांब म्हणतो. पुण्याचा कागद येऊ दे. एका दिवसाने काय होतंय?"

शैलजाच्या मनात शंका नव्हती. पुण्याच्या निकालाची तिला गरज नव्हती. नऊ दिवस तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी गुरुवारी तिने अहवाल पाठवला नाही. खात्री करून घेणं हे शास्त्रज्ञाचं कामच आहे, असं ती दिवसभर स्वतःला सांगत राहिली. संध्याकाळी पुण्याहून उत्तर आलं : तोच जिवाणू.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता तिने अहवाल पाठवला. त्यात कुणाचीही ढाल केली नव्हती. जिवाणू मी निवडला, खत शाळांना द्यायचा निर्णय माझा, सर्व शाळा ताबडतोब रिकाम्या कराव्यात, असं तिने स्पष्ट लिहिलं होतं. कागद वेगाने हलला. पाऊण तासात जिल्ह्याजिल्ह्यांत आदेश गेले. मुख्याध्यापकांचे फोन वाजू लागले. दुपारपर्यंत चारशेपेक्षा जास्त शाळांची मुलं मैदानांत, देवळांच्या सभामंडपांत, झाडांखाली येऊन बसली होती.

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका डोंगराळ गावातल्या शाळेला फोन पोचला तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मुलं पाच मिनिटांत बाहेर आली. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या जमनाबाई वळवी मुलांबरोबर बाहेर आल्या आणि गॅस चालू राहिलाय म्हणून पुन्हा आत गेल्या. स्वयंपाकघर परसबागेच्या बाजूला होतं. तुळई त्याच वेळी सुटली, आणि जमनाबाई तिच्याखाली गेल्या.

शैलजाला ते दुपारी तीन वाजता कळलं. देवस्थळींनी स्वतः प्रयोगशाळेत येऊन सांगितलं. ते तिथल्याच स्टुलावर बसले आणि म्हणाले, "एक दिवस मी मागितला होता."

"मी दिला," शैलजा म्हणाली.

चौकशी समितीपुढे तिला अडीच तास प्रश्न विचारण्यात आले. समितीचा सूर तिच्या बाजूचा होता. धोका तिने शोधला, पहिली शाळा तिने रिकामी केली, अहवाल तिने पाठवला. अध्यक्ष समारोप करत म्हणाले, "धोक्याची खात्री होताच आपण तत्परतेने कळवलंत, याची समिती नोंद घेईल."

"नोंद चुकीची होईल," शैलजा म्हणाली. "माझी खात्री बुधवारीच झाली होती. अहवाल शुक्रवारी गेला. गुरुवारी गेला असता तर शुक्रवारी त्या शाळेत चूल पेटली नसती."

लेखनिकाने मान वर करून अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी हळूच मान हलवली आणि तो लिहू लागला.

निर्णय यायला चार महिने लागले. तुळयांमध्ये चिंचबंध वापरायला कायमची बंदी आली. खोकी, वह्यापुस्तकं, लेबलं यांना परवानगी राहिली. ती वर्षा-दोन वर्षांत लगद्यात जाणारच होती. गाळाचं खत बंद झालं. धुवणाचा गाळ भट्टीत जाळायचं ठरलं. शैलजाची नोकरी गेली. देवस्थळींनी जुन्यातलं एक युनिट सुरू केलं, आणि त्याबरोबर धुवण गाळायची यंत्रणाही बसवली. तरी खाडीच्या वरच्या अंगाला चिखलावर पुन्हा पांढुरकी झाक दिसू लागली. रघुवीरने होडी खाडीच्या मुखाकडे नेली. तिकडे जायला यायला दीड तास जास्त लागायचा. तो बहिणीशी भांडला नाही. तिच्या ओट्यावर यायचाच बंद झाला. त्याची बायको सुलभा अधूनमधून येऊन बसायची. "त्यांना पण माहीत आहे एक दिवस कोणी मागितला ते," एकदा ती म्हणाली. "म्हणून तुमच्यासमोर येत नाहीत."

शैलजाने घराच्या मागच्या खोलीत काम सुरू केलं. चिंचबंध कायम टिकावा म्हणून त्यात पुन्हा विष मिसळायचं, हे तिला मान्य नव्हतं. जे नैसर्गिक आहे ते कधीतरी कुजणार हे धरूनच बांधकाम करायला हवं, या निष्कर्षावर ती आली होती. बांबूच्या कांबी आता लाकडी खुंट्यांनी आणि पोलादी पट्ट्यांनी जोडायच्या. डिंक फक्त त्यांना जागेवर धरायला, भार पेलायला नाही. तुळईत एक बारीक तार ओवायची. आत ओल वाढली की तारेतला विद्युतप्रवाह बदलतो आणि बाहेरचा छोटा दिवा लाल होतो. तरी यंत्रावर विसंबायचं नाही. दर सहा महिन्यांनी माणसाने वर चढून तुळई पाहायची, आणि दहा वर्षांनी ती चांगली असली तरी बदलायची. दोन वर्षांनी सरकारने या पद्धतीला मान्यता दिली आणि पाहणीचं काम तिच्यावर सोपवलं. पहिल्या टप्प्यात वीस शाळा होत्या. यादीत नंदुरबारची ती शाळा होती.

ती तिथे गेली तेव्हा नव्या स्वयंपाकघरात एक विशीतली मुलगी डाळीला फोडणी देत होती. जमनाबाईंची मुलगी रंजना. आईच्या जागी ती कामाला लागली होती. शैलजाने सोबत आलेल्या शाळेच्या गुरुजींना बाहेर थांबायला सांगितलं.

"रंजना, मी शैलजा जाक्कर. तो डिंक मी केला होता."

"माहीत आहे. तुमचा फोटो आला होता पेपरात."

"एक गोष्ट पेपरात नीट आली नव्हती. मला सगळं दोन दिवस आधी कळलं होतं. त्यातला एक दिवस मी गप्प राहिले. माझ्या गावाची खाडी होती, माझा भाऊ होता. तो एक दिवस मी थांबले नसते तर तुझी आई..."

रंजनाने गॅस बारीक केला. पातेल्यावर झाकण ठेवलं. ती पाठमोरीच राहिली.

"आई त्या दिवशी घरून निघताना म्हणाली होती, आज खिचडी करते, पोरांना आवडते," ती म्हणाली. "मला तेवढंच आठवतं. तुमचा तो दिवस मी कुठे ठेवू?"

शैलजा तिथेच उभी राहिली. बाहेर मुलं पाढे म्हणत होती.

मग रंजना वळली. वर तुळईकडे बोट करून तिने विचारलं, "ही कोण बघणार?"

"मी."

"दर वेळेला?"

"दर सहा महिन्यांनी. मी स्वतः येईन."

"एकदा येऊन जाल. मग दुसऱ्या कुणाला तरी पाठवाल."

"नाही पाठवणार."

रंजना पदराला हात पुसत बाहेर गेली. शैलजाला वाटलं, ती निघून गेली. पण थोड्या वेळाने ती व्हरांड्यातून शिडी ओढत घेऊन आली. तिने ती तुळईखाली उभी केली, हलते का ते दाबून पाहिलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"चढा," ती म्हणाली. "नीट बघा. सगळी बघा. पोरं जेवायला यायला अजून अर्धा तास आहे."